मुलाला तिथे ठेवू, की मीही सोबत जाऊ?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या निवासी उपचारांबद्दल आहेत. पहिलं उत्तर बरंच लांबलं आहे. ते आखडतं घ्यायला माझं मन झालं नाही.

प्रश्न : ताई, आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलत नाही, पण आपलं बोलणं त्याला बरंचसं कळतं. आठवड्यातून दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि एकदा स्पीच थेरपी चालू आहे. गेल्या चार महिन्यांपासून तो स्वतःला मारून घेतो. उजव्या गालावर, कानाखाली थपडा मारतो आणि मनगट चावतो. मनगटावर आता घट्टा पडलाय. मिस्टरांची शिफ्ट ड्युटी असते. एकदा तो सासूबाईंच्या अंगावर धावून गेला, तेव्हापासून त्या नणंदेकडे राहतात. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हापासून गॅलरीचं दारही उघडता येत नाही. दिवसभर आम्ही दोघंच कोंडल्यासारखे असतो. थेरपी सेंटरवर भेटणाऱ्या एका आईने शहराबाहेरच्या निवासी केंद्राचा पत्ता दिला. तिथे सहा महिने मूल ठेवून घेतात आणि वागणं सुधारून परत पाठवतात. पहिला महिना आईवडिलांनी भेटायचं नाही, व्हिडिओ कॉलही करायचा नाही, कारण आई दिसली की मूल बिघडतं असं ते म्हणतात. सहा महिन्यांचे पैसे आधी भरायचे. मिस्टर म्हणतात, पतपेढीतून कर्ज काढू. त्याला ठेवायचा विचार मनात आला म्हणून मला रात्रभर झोप लागली नाही. पण खरं सांगते, तो सहा महिने घरी नसेल या कल्पनेने थोडं बरंही वाटलं. मी काय करू? — एक आई, विक्रोळी

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. चार महिने धड झोप न मिळालेल्या बाईला झोपेची आशा दिसली आणि बरं वाटलं, एवढाच त्या ओळीचा अर्थ आहे. त्याने तुमच्या मायेला काही उणेपणा येत नाही. पण ती विश्रांतीची गरज झाली, आणि ती तुमची आहे. मुलावरचा उपचार ही वेगळी गोष्ट. त्या केंद्राने दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली बांधून दिल्यात आणि पैसेही एकत्रच मागितलेत. ती गाठ आधी सोडवू.

मुलाचं आधी बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रिडेव्हलपमेंटचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला मात्र तेच मोठं वाटतं. बिल्डिंग पाडायला कधी सुरुवात झाली ते आठवा. चार महिन्यांपूर्वी का? पाडकामाच्या ब्रेकरने आपलं डोकं उठतं, पण आपण दार लावतो, कुरकुरतो, दुपारी बहिणीकडे जाऊन बसतो. तुमच्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही, आणि आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचत असू शकतो. आजच एक शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा. मारून घेण्याआधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर तुम्ही सगळ्यांनी काय केलं. शेजारी वेळ लिहा, अगदी मिनिटांसकट. दहा दिवस एवढंच करा, दुसरं काही बदलू नका. पान भरलं की साइटवरचं मशीन सुरू व्हायची वेळ आणि थपडांची वेळ एकमेकींशेजारी येतात का, ते तुम्हालाच दिसेल. येत असतील तर कान झाकणारे हेडफोन, दुपारचे ते दोन तास दुसऱ्या कुणाच्या घरी, बिल्डरच्या माणसाकडून कामाच्या वेळा आधी कळवून घेणं, असे उपाय आहेत. त्यासाठी मुलाला सहा महिने घराबाहेर ठेवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, गाल उजवाच का? न बोलणारं मूल दुखणं हातानेच सांगतं. नवव्या वर्षी दुधाच्या दाढा किडलेल्या असतात, खालून नवीन येत असतात. कान फुटलेला असू शकतो, नुसता मळही साचलेला असू शकतो. मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलमध्ये लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. आधी जाऊन सांगा की मूल स्वमग्न आहे, फार वेळ रांगेत थांबू शकणार नाही. कानाच्या डॉक्टरांनाही दाखवा. पोट रोज साफ होतं का तेही वहीत लिहा. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर डोकं भिंतीवर आपटायचा आणि आम्ही सगळे त्याचं ‘बिहेवियर’ सुधारत बसलो होतो. दाढ काढली आणि आठवड्यात ते थांबलं. ते वर्ष मी त्याला परत देऊ शकत नाही.

हे सगळं पाहूनही मारून घेणं थांबलं नाही, तर बालमनोविकारतज्ज्ञ काही काळासाठी औषध देतात. रिस्पेरिडोन हे त्यातलं नेहमीचं. त्याने चिडचिड आणि आक्रमकपणा उतरतो, ऑटिझम जात नाही. भूक आणि वजन वाढतं, म्हणून वजनावर लक्ष ठेवावं लागतं. औषध चालू केलं म्हणजे आपण हरलो, असं मनात आणू नका.

आता त्या केंद्राबद्दल. मी ते पाहिलेलं नाही, म्हणून ते चांगलं की वाईट हे सांगणार नाही. पण ‘आई दिसली की मूल बिघडतं’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, ते कुठून आलंय तेही मला माहीत आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं. पुढची वीसेक वर्षं असं मानलं गेलं की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. शिकागोला ब्रुनो बेटेलहाइम यांची निवासी शाळा होती. मुलाला आईवडिलांपासून तोडणं हाच तिथल्या उपचाराचा पाया होता. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ही सगळी मांडणी खोडून काढली. ऑटिझम मेंदूच्या घडणीतून येतो, आईच्या वागण्यातून नाही, याबद्दल आज कुठलाच जाणकार शंका घेत नाही. बेटेलहाइम यांचं काम जवळून पाहिलेल्या एरिक शॉप्लर यांनी तर उलटा रस्ता धरला. नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी आईवडिलांनाच सहकारी थेरपिस्ट करून घेतलं, आणि १९७२ पासून ती पद्धत त्या राज्यभर चालू आहे. तरीही ते जुनं वाक्य मरत नाही. कुणा आईला ते ऐकावं लागलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

कारण मीही ते ऐकलंय, आणि ऐकून माझ्या स्वमग्न मुलाला ठेवून आले होते. २००३ सालची गोष्ट. तो आठ वर्षांचा होता. आम्ही परळला चाळीत राहायचो. रात्री तो किंचाळायचा आणि शेजारी भिंत ठोकायचे. कुणीतरी एक निवासी संस्था सुचवली, सहा आठवडे. पहिले तीन आठवडे भेटायचं नाही, म्हणाले, रुळू दे. तिथली माणसं दुष्ट नव्हती. पण मुलं चौदा होती आणि रात्री त्यांच्याकडे बघायला दोन बायका. सहा आठवड्यांनी आम्ही घ्यायला गेलो, तर लेक खुर्चीवर वीस मिनिटं शांत बसलेला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर दुपारी मी भाकरी थापत होते. तो माठाजवळ जाऊन उभा राहिला आणि माठाकडे नुसता बघत राहिला. ओठांना चिरा पडल्या होत्या. ठेवायच्या आधी त्याला तहान लागली की तो माझ्या पदराचं टोक धरून दोनदा ओढायचा. ती त्याची एकुलती एक भाषा होती. तिथे ती कुणाला ठाऊक नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती. मागून काही मिळत नाही, एवढं त्याने सहा आठवड्यांत शिकून घेतलं होतं. त्याने पुन्हा पदर धरायला साडेचार महिने गेले. तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

म्हणून, ताई, त्या केंद्रात गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या मुलाला तहान लागली हे तुम्हाला कसं कळणार? उत्तर देणाऱ्या माणसाने उलट तुम्हालाच विचारलं, ‘तो घरी कसं सांगतो?’, तर तिथे बसून पुढचं बोला. मग रात्रीचं विचारा. किती मुलं, किती माणसं, मुलाच्या खोलीत कोण झोपतं, दाराला बाहेरून कडी आहे का. मूल चावलं तर काय करता? ‘गप्प बसवतो’ हे उत्तर नव्हे. संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, तिथे सध्या असलेल्या दोन मुलांच्या आयांशी बोला. अपंगांसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. न कळवता येऊन भेटायची मुभा नसेल तर तिथून उठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक उपचारांच्या रुग्णालयात अल्पवयीन मुलाला दाखल केलं, तर पूर्ण काळ घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस त्याच्यासोबत राहायलाच हवं. रुग्णालयाला जे बंधनकारक आहे, ते एका वसतिगृहाला नको का वाटावं? आणि ‘सहा महिन्यांत बरा करतो’ असं कुणी म्हणालं, किंवा सोबत स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं, तर पैसे पर्समध्येच राहू द्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. ऑटिझमवर तर नाहीच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, सगळं त्यावर येऊन थांबतं. आपली मुलं एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी सहज नेत नाहीत. केंद्रातल्या निळ्या बादलीने आंघोळ करायला शिकलेलं मूल घरच्या लाल बादलीसमोर अनोळख्यासारखं उभं राहतं. खुर्चीवर बसणं, ताटात वाढलेलं खाणं, रात्री झोपणं, सगळ्याचं तेच. तुमचा मुलगा सहा महिन्यांनी येणार त्याच घरात, त्याच ड्रिलच्या आवाजात, तुमच्याच हाताखाली. तुम्हाला नवीन काहीच शिकवलेलं नसेल तर पंधरवड्यात गाडी मूळ जागी येते. निवासी उपचारात कुटुंब शिकणार असेल तर तो उपचार. एकटं मूल ठेवून घेणार असतील तर तो, फार चांगला असला तरी, सांभाळ.

उरली तुमची विश्रांती. ती मी शेवटी घेतली, पण सुरुवात तिथूनच करा. नणंदेला सांगा की सासूबाईंना ठेवून घेतलंत ते चांगलं केलंत, आता महिन्यातले दोन रविवार आमच्याकडे या. मुलाचा बाबा त्या दोन्ही दिवशी घरी असेल आणि तुम्ही नसाल. कुठे जाणार ते कुणाला सांगायची गरज नाही. मी दादर चौपाटीवर जाऊन नुसती बसायचे. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, लगेच अर्ज करा. ते आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घाला. वर्षाला १ लाखापर्यंतचं ते संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. पतपेढीचं कर्ज सध्या तरी काढू नका. दहा दिवसांची वही भरली की मला पाठवा. मी वाचेन.

प्रश्न : आमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे. डॉक्टरांनी वेल्लोरला आईवडिलांनी मुलीसोबत तीन महिने राहून शिकण्याचा कार्यक्रम सुचवला आहे. माझी खासगी नोकरी आहे, एवढी रजा मिळणं कठीण. थोरला मुलगा चौथीत आहे. जाण्यासारखं आहे का, की मुंबईतच काही होईल? — एक वडील, गिरगाव

उत्तर : जमत असेल तर जा. मी असंच एकदा गेले होते, पहिल्या अनुभवानंतर दोन वर्षांनी, दक्षिणेतल्याच एका रुग्णालयात. एक खोली, एक स्टोव्ह, दोन खाटा. पहिल्या आठवड्यात तिथल्या प्रशिक्षक बाईंनी मुलाला काही शिकवलंच नाही. त्या कोपऱ्यात बसून मी त्याला कसे कपडे घालते ते बघायच्या. आठव्या दिवशी म्हणाल्या, “तुम्ही फार बोलता. एका शर्टासाठी बावीस वाक्यं.” त्यांनी मोजली होती. मग शिकवलं ते असं: शर्ट सगळा तुम्ही घाला, फक्त शेवटचा, पोटावर खाली ओढायचा भाग त्याचा. तो जमला की त्याच्या आधीचा, बाहीतून हात बाहेर काढायचा. शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं, म्हणजे प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरं होतं. तोंडाने बोलायचं नाही, हाताने दाखवायचं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे किती जड गेलं! पण अडीच महिन्यांनी तो स्वतःचा शर्ट स्वतः घालत होता, आणि त्याहून मोठं म्हणजे पुढची पँट कशी शिकवायची ते मला कळलं होतं.

कुटुंबाला सोबत ठेवण्याची ही रीत आपल्याकडचीच आहे, हे मला फार आवडतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना राहायला बोलावलं होतं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ती वाट धरली. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत बाहेरगावच्या पालकांना मुलासोबत राहता यावं म्हणून फॅमिली कॉटेज आहेत. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं. तिथेही आईवडील आणि मूल यांनी मिळून शिकायचा काही महिन्यांचा कार्यक्रम असतो, राहायची सोय मात्र आपली आपण बघायची. जायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: शिकवणं कोणत्या भाषेत, प्रतीक्षा किती, आणि परत आल्यावर विचारपूस कोण करणार.

पूर्ण तीन महिने तुम्हाला शक्य नसेल तर पत्नी आणि आजी जाऊ देत. पण शेवटचे पंधरा दिवस तुम्ही स्वतः तिथे राहा. माझे यजमान शेवटच्या दोन आठवड्यांत आले, म्हणून घरी परतल्यावर आमच्या दोघांच्या हाताला एकच वळण होतं. ते आले नसते तर मी शिकवायचं आणि त्यांनी लाडाने शर्ट घालून द्यायचा, असंच झालं असतं. परतल्यावरचा पहिला आठवडा सगळं बिघडतं, हेही आधी सांगून ठेवते. चाळीच्या मोरीत पाण्याचा मग डाव्या हाताला होता, तिकडे उजव्या. तेवढ्यावरून चार दिवस रडणं झालं.

थोरल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. त्याला मामाकडे किंवा आत्याकडे ठेवणार असाल तर ‘बहिणीला बरं वाटत नाही म्हणून’ असं सांगू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम हा शब्द आणि त्याचा अर्थ कळतो. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत आठ दिवस त्यालाही तिकडे न्या. भावंडं एकमेकांची भाषा आपल्या आधी शिकतात.

आणि मुळीच जाता आलं नाही, तरी हात बांधून बसू नका. मुंबईत ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून मुलांसोबत पालकांसाठीही काम करते. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. सिकंदराबादच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर पंधरा दिवसांनी घरी जायच्या, आईवडील मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायच्या आणि तोच व्हिडिओ त्यांना दाखवून बोलायच्या. सहा महिन्यांत बारा भेटी. आईवडील मुलाच्या इशाऱ्यांना जास्त नेमका प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं आपणहून संवाद साधायला लागली. मोबाइल तुमच्याकडेही आहे. पत्नी मुलीशी खेळत असताना पाच मिनिटांचं शूटिंग करा आणि रात्री दोघांनी आवाज बंद करून बघा. मुलगी कुठे बघत होती आणि तेव्हा आपण कुठे बघत होतो, एवढंच शोधा. मुलगी बोलत नसेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अॅप मराठीतही आहे. चित्रं दिली की मुलं बोलायची थांबतात, ही भीती काढून टाका. तसं होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. यजमान रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मी बासष्ट वर्षांची आहे, गुडघे गेलेत. धाकटी मुलगी पुण्याला असते, जीव लावते, पण तिलाही संसार आहे. मी असतानाच त्याला एखाद्या निवासी संस्थेत ठेवावं, की असेपर्यंत जवळ ठेवावं? — एक आई, बोरिवली

उत्तर : वहिनी, वय वाढलं की प्रश्न उपचाराचा राहत नाही, घराचा होतो. तुमच्या मुलाला राहायला दुसरं घर लागणार आहे. त्या घराशी त्याची ओळख तुम्ही धडधाकट असताना करून द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आई गेली त्याच आठवड्यात खोली, अंथरूण, जेवण, माणसं सगळं एकदम बदललं, असं दोन घरांत मी पाहिलंय. त्यातला एक मुलगा पुढे सात महिने जेवणाचं ताट उलटं करत होता.

कागद आधी. मुलगा सज्ञान आहे, म्हणून नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्या. हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. तुमचा जिल्हा मुंबई उपनगर, कचेरी वांद्रे पूर्वेला. धाकटीला अर्जात घ्यायचं का, हे तिच्याशी समोर बसून बोला, गृहीत धरू नका. दुसरं, रेल्वेच्या कुटुंब निवृत्तिवेतनात कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर पेन्शन मिळायची तरतूद आहे. तुम्ही हयात असतानाच त्याचं नाव तिथे नोंदवून ठेवा. नंतर ते करायला कुणाला महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात.

घर शोधताना ट्रस्टच्या ‘घरौंदा’ आणि ‘समर्थ’ या निवासी योजनांखालच्या संस्थांची यादी पाहा, पालकांनी मिळून चालवलेली घरंही पाहा. वरच्या विक्रोळीच्या ताईंना सांगितलेले प्रश्न इथेही विचारायचे. मग पायरीपायरीने चला. आधी तिथे जाऊन एक चहा, तुमच्यासोबत. मग एक दुपार. मग एक रात्र, स्वतःची उशी आणि चादर घेऊन. मग शनिवार-रविवार. त्याला वर्ष लागलं तरी लागू द्या. आमचा एकतीस वर्षांचा आहे. गेल्या दोन वर्षांपासून तो महिन्यातले पाच दिवस असा राहतो. बाबांचा हात धरून दिव्यांगांच्या डब्यातून जातो, सहाव्या दिवशी परत येतो.

तो पहिल्यांदा गेला तेव्हा मी एक वही करून दिली होती. तशी एक तुम्हीही करा, मुलगी पुण्याहून आली की दोघी मिळून. त्याचं औषध, रक्तगट, डॉक्टर हे मागच्या पानांवर. पुढे त्याच्या खुणा. कान चोळतो म्हणजे आवाज सोसत नाही. ताट हाताने सरकवलं म्हणजे पोट भरलंय, राग आलेला नाही. रात्री दिवा पूर्ण बंद करू नका, मोरीचा चालू ठेवा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे, मोठ्या अक्षरात: त्याला पाणी हवं असलं की तो पदर दोनदा ओढतो, साडी नसेल तर ओढणी किंवा शर्टाचं टोक.